घडीची स्कूटर घेण्याआधी पाण्याचा कॅन उचला

चालायला त्रास होणाऱ्यांसाठीच्या घडीच्या बॅटरी स्कूटर जाहिरातीत सगळ्याच ‘हलक्या’ असतात. पण सांगितलेलं वजन बरेचदा बॅटरी सोडून असतं.

१. बॅटरीसकट वजन विचारा. जितके किलो, तितके लिटर पाणी कॅनमध्ये भरा.
२. कॅन गाडीच्या डिकीत ठेवा आणि बाहेर काढा. रोज जो उचलणार त्यानेच, दुकानातल्या पोराने नव्हे! ठेवताना काही वाटत नाही, काढताना कंबर बोलते.
३. डिकीचं तोंडही मोजून न्या.

विमानाने न्यायची असेल तर बॅटरीचे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा: २४ × १० = २४० वॉट-तास. काढता येणारी लिथियम बॅटरी साधारण ३०० वॉट-तासांपर्यंत नेता येते, तरी विमान कंपनीची परवानगी आधीच घ्या.