परदेशी सेवाकार्यात असताना सणाचा दिवस कसा घालवावा

निघण्यापूर्वीच्या प्रशिक्षणात लसी, व्हिसा, स्थानिक भाषा आणि सुरक्षिततेचे नियम यांबद्दल स्वयंसेवकाला पुष्कळ सांगितले जाते; मात्र घरी सण असताना आपण दूरदेशी एका खोलीत असू, तेव्हा तो दिवस कसा काढायचा, हे फारसे कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षी मी त्याचा विचारच केला नव्हता, त्यामुळे तो दिवस मला फार जड गेला. दुसऱ्या वर्षी तासांचा हिशेब आधी मांडून ठेवला आणि त्याच खोलीत तोच सण मनापासून साजरा करता आला.

सुरुवात तारखांपासून करावी. तुमचा सण तिथे साधा कामाचा दिवस असण्याची शक्यता मोठी असते. ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळ सध्या ७ जानेवारीला येतो, इथिओपियाचे नवे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे त्यातील सण दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतात. म्हणून तिथले आणि घरचे पंचांग शेजारी ठेवून वर्षाच्या आरंभीच खुणा कराव्यात आणि रजेचे नियम नीट वाचावेत. उदाहरणार्थ, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेत सेवेच्या दर महिन्याला २ दिवस रजा जमा होते, पण पहिल्या आणि शेवटच्या ३ महिन्यांत ती सहसा वापरता येत नाही. रजा मिळणार नसेल, तर निदान त्या संध्याकाळची जबाबदारी सहकाऱ्याशी बदलून घ्यावी.

घरून पार्सल येणार असेल, तर ते किमान दोन महिने आधी निघावे. टपालाने पाठवलेल्या वस्तूंसाठी सीएन २२ किंवा सीएन २३ हे सीमाशुल्काचे फॉर्म भरावे लागतात. त्यांत ‘भेटवस्तू’ एवढेच न लिहिता प्रत्येक वस्तूचे नाव आणि किंमत लिहायला घरच्यांना सांगावे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि अत्तराच्या बाटल्या त्यात घालू नयेत. पार्सल वेळेवर येईलच असे नाही, म्हणून एखादे हाताने लिहिलेले पत्र निघतानाच बॅगेत ठेवून घ्यावे आणि त्या दिवशीच उघडावे.

सर्वांत जास्त तयारी लागते ती फोनची. माझ्या पहिल्या सणाला घरी बारा-पंधरा माणसे जमली होती. फोन हातोहात फिरत होता, प्रत्येकजण ‘कशी आहेस? जेवलीस का?’ एवढे विचारून तो पुढच्याकडे देत होता आणि मागच्या गलबल्यात माझे निम्मे शब्द विरून जात होते. शेवटी कोणीतरी फोन ओट्यावर तसाच ठेवला. मला छताचा पंखा आणि पलीकडच्या खोलीतले हसणे एवढेच दिसत-ऐकू येत राहिले आणि फोन बंद केल्यावर खोली अक्षरशः खायला उठली. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. सणाच्या दिवशी सर्वांशी बोलणे दहा मिनिटांत आटोपते आणि ज्यांच्याशी खरोखर बोलायचे आहे, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवसाची निवांत वेळ ठरवते. आणि फोननंतरचा तास कधीही रिकामा ठेवत नाही. कोणीतरी माझी वाट पाहत असेल, अशा ठिकाणी जायचे आधीच कबूल केलेले असते. घरच्या आणि तिथल्या घड्याळातील फरकही तपासून घ्यावा, कारण काही देशांत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात.

घरच्या ओढीला वैद्यकीय नाव देण्याचा प्रयत्न १६८८ मध्ये झाला. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे वैद्यक शिकणाऱ्या योहानेस होफर या तरुणाने आपल्या प्रबंधात घरी परतणे आणि वेदना हे दोन ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला आणि रुग्णाला घरी पाठवणे हा त्यावरचा उपाय मानला. स्वयंसेवकाला तो उपाय हाताशी नसतो. त्याच्यापाशी शेजारची माणसे असतात. ‘आज माझ्या घरी सण आहे’ हे त्यांना आपण होऊन सांगावे, कारण आपण सांगितल्याशिवाय त्यांना ते कळणार कसे? कोणी बोलावले तर संकोच न करता जावे आणि आपल्या सणातली एखादी छोटी गोष्ट त्यांना करून दाखवावी. मोठ्या भेटवस्तू मात्र देऊ नयेत. परतफेडीचे ओझे त्यांच्यावर पडते.

उलट प्रसंगही येतो. तिथला मोठा सण लागला की सहकारी आपापल्या गावी जातात, कार्यालय, दुकाने आणि बँका बंद होतात आणि वाहने भरून जातात. चार-पाच दिवस पुरेल एवढे पिण्याचे पाणी, नेहमीची औषधे, रोख पैसे आणि फोनचा रिचार्ज आधीच घेऊन ठेवावा, आणि त्या दिवसांत तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा, हे समन्वयकाला स्पष्ट विचारून लिहून ठेवावे.

सण सरल्यावर काही दिवस मन उदास राहणे स्वाभाविक आहे. झोप आणि भूक दोन आठवड्यांनंतरही परतली नाही किंवा कामावर जावेसेच वाटेनासे झाले, तर ते अंगावर काढू नये. समन्वयकाला आणि संस्थेच्या डॉक्टरांना तसे थेट सांगावे.