टायमिंग बेल्ट तुटलाय? आधी चावी काढून ठेवा

मी गॅरेजमध्ये शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. गाडीचे मालक म्हणाले, "चालता चालता बंद पडली, आता नुसती फिरतेय." मी लगेच सेल्फ मारला. इंजिन भरभर, एकसारखं फिरलं. एरवी कॉम्प्रेशनला, म्हणजे पिस्टन हवा दाबायला, येताना त्याला जो दम लागतो, तो आवाजात नव्हताच. उस्तादांनी चावी काढून घेतली. "हा आवाज लक्षात ठेव. आणि परत मारू नकोस."

नव्याने काम शिकणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो. क्रँक पिस्टनांना वरखाली करतो, कॅम वॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी, हा मेळ बेल्ट सांभाळतो. तो तुटला की कॅम थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात आणि खालून पिस्टन येत राहतो. इंटरफेरन्स इंजिनात दोघांची तिथे टक्कर होते. डिझेल इंजिनं जवळजवळ सगळी याच जातीची. काही पेट्रोल इंजिनांत मधे पुरेशी जागा असते, तिथे नवा बेल्ट घातला की भागतं. आपल्यापुढचं इंजिन कोणतं, हे मॅन्युअलमध्ये बघा, अंदाज नको. पहिल्या धडकेतून वाचलेला वॉल्व्हसुद्धा सेल्फ मारत राहिल्याने वाकू शकतो.

त्या गाडीचं वरचं कव्हर काढलं तर बेल्टचे दात सुटून तळाशी पडलेले. हेड, म्हणजे इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग, लगेच उतरवलं नाही. चार सिलिंडरचं इंजिन असल्याने क्रँक टीडीसीपासून (पिस्टन अगदी वरच्या टोकाला असतो ती स्थिती) पाव फेरी मागे घेतला, म्हणजे चारही पिस्टन मधोमध. मग कॅम खुणेवर आणला, शेवटी क्रँक. क्रम चुकला तर वॉल्व्ह आपल्याच हातून वाकतो. तात्पुरता बेल्ट चढवून पान्याने क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या दिल्या. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. इथे काहीच अडलं नाही. मला हायसं वाटलं, पण उस्ताद म्हणाले, "अजून नाही."

वाकलेला वॉल्व्ह फिरायला अडवेलच असं नसतं, तो फक्त सीटवर, म्हणजे मिटताना टेकायच्या जागेवर, नीट बसत नाही. म्हणून एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणून आत हवा सोडली. तिसऱ्याला सायलेन्सरच्या पाइपातून फुसफुस ऐकू आली: एक्झॉस्ट वॉल्व्ह. हवा इनटेककडून आली असती तर इनटेक वॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली असती तर पिस्टन किंवा त्याच्या रिंगा. आता मालकांना फोन करायला हातात काहीतरी ठोस होतं. ही तपासणी होण्याआधी खर्चाचा आकडा कधीही सांगू नका. "नवा बेल्ट घालून बघू" असं म्हणून माणसाला खोटी आशा लावणं मला आजही पटत नाही.

हेड उतरवलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढी चंद्रकोर उमटलेली होती. पिस्टनला तडा नव्हता, म्हणून काम वॉल्व्ह आणि तो ज्यात सरकतो त्या गाइडवर निभावलं.

बेल्ट कशामुळे तुटला, हे मात्र शोधायचं राहिलं होतं. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर ठीक, त्याला वळण देणारी आयडलर पुली ठीक, ऑइलची गळती नाही. याच बेल्टवर चालणाऱ्या वॉटर पंपाची पुली हाताने फिरवायला गेलो, तर ती खरखरत, अडकत-अडकत फिरली. मालकांनी सांगितलं, मागच्या वेळी बेल्ट नवा घातला होता, पंप मात्र जुनाच ठेवला होता.