पाडव्याच्या ताटाला द्राक्षाची मसाला चटणी

पाडवा जवळ आला की आमच्या सांगलीत द्राक्षाचा सीझन संपत आलेला असतोय आणि कैरी नुकती दिसायला लागलेली असते, या दोन्हीची गाठ पडते तेवढ्या दिवसांत ही चटणी करून घ्यायची. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई सगळं झकास, पण ताटाची डावी बाजू नुसत्या लोणच्यावर भागवली की तिसऱ्या पोळीला गोडानं मिठी बसते. आणि एक आधीच सांगतो, ही सणाच्या सकाळी करायची गोष्ट नाही, चार दिवस आधीच करा. पहिल्या दिवशी नुसती आंबट न् झणझणीत लागते, लवंग तर वेगळीच नाकात जाते, मुरली की मग एकजीव होते.

द्राक्षं महागाची घडवाली कशाला? गाड्यावर घडातनं सुटलेले मणी स्वस्तात मिळतात, तेच एक किलो घ्या, फुटलेले आणि वास येणारे काढून टाका, बाकीचे मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून दोनतीनदा धुवा. जातीत गोडमिट्ट सोनाकापेक्षा जरा आंबूस थॉमसन बरी. त्यात मूठभर काळी शरद टाकली तर रंग येतो, नाहीतर चटणी मातकट दिसते, चवीत काही फरक नाही.

बाकी सामान: गूळ 250 ग्रॅम, बेदाणा 150 ग्रॅम, एक मध्यम कैरी आणि दोन इंच आलं किसून, दोन चमचे लाल तिखट, दीड चमचा मीठ, हिंग. हळद पाव चमचाच हां, सांगलीची आहे म्हणून मूठभर नको. दालचिनीचे दोन तुकडे, सहा लवंगा, दहा मिरी, दोन वेलच्या मलमलच्या फडक्यात बांधून पोटली करा, म्हणजे जेवताना दाताखाली लवंग येत नाही.

पातेलं स्टीलचं जाड बुडाचं किंवा कल्हईचं घ्या, ॲल्युमिनियम नको, आंबट आहे. चमचाभर तेलात जिरं, बडीशेप, हिंग तडतडवा, आलं परता, मग मणी, कैरी, हळद, मीठ आणि पोटली. पाणी अजिबात घालू नका, द्राक्षालाच भरपूर सुटतंय. मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, अधनंमधनं डावानं मणी दाबत राहायचे.

गुळाची घाई करू नका. साली मऊ व्हायच्या आधी गूळ पडला तर त्या चिवट राहतात, मग कितीही शिजवा. आणि साधाच गूळ. मी एका वर्षी घरात होता म्हणून चिक्कीचा गूळ टाकला, चटणी बाटलीत अशी बसली की चमचा वाकला, शेवटी बाटली गरम पाण्यात उभी करून खरवडून काढली.

गूळ आणि तिखट घातलं की दहा-बारा मिनिटं ढवळत राहा, आता बुडाला लागते. बेदाणा एकदम शेवटी. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे तो आधीच सुकून तहानलेला, पाच-सात मिनिटांत मसाल्याचा रस पिऊन टम्म फुगतो. आधी टाकला तर नुसता लगदा. मी तासगावचा हिरवा घेतो, काड्या तेवढ्या निवडून काढा.

झाली का बघायला गार ताटलीवर थेंब टाका, कडेनं पाणी सुटलं नाही तर गॅस बंद. जरा पातळ वाटली तरी चालेल, गार झाली की घट्ट होते. पोटली पिळून काढा, दोन चमचे व्हिनेगर ढवळा आणि उकळत्या पाण्यातनं काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत गरम असतानाच भरा. फ्रिजमध्ये महिनाभर राहते, आमच्याकडं उरली तर. सणादिवशी वाटीत काढून ठेवा, बाटली ताटाजवळ नेऊ नका, कोणीतरी ओला चमचा घालतोच.