डोकं जड झालंय? मग गाणं एकट्याने लिहायला बसू नका

मागची दोन वर्षं सकाळी उठायचंच नको वाटायचं, वही उघडली की दोन ओळी लिहायचो आणि तिसऱ्या ओळीला पान फाडायचो, आतून सारखं एकच, हे काय गाणंय का. मित्र पेटी घेऊन शेजारी बसायला लागला तेव्हा कुठं पहिलं गाणं पूर्ण झालं, म्हणून कसं केलं ते सांगतो.

आधी लिहूच नका, बोला. ज्याच्यासमोर रडायची लाज वाटत नाही असा एकच माणूस बघा, त्याला ताल धरता आला तरी बास. त्याला दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवा, मनात आहे तसंच. मी रात्री अडीचला पाठवलेली, शेजारच्या कारखान्यात पॉवरलूम चालू, खटक खटक, आणि मी म्हणालो होतो "घरात सगळे हायत पण मला कुणी हाक मारंना". सकाळी त्याने तेवढंच वाक्य परत पाठवलं, मांडीवर केरवा ताल वाजवत. आठ मात्रांत ते असं बसलं होतं की तेच ध्रुवपद झालं, मी लिहिलं असतं तर पहिलं तेच खोडलं असतं.

म्हणून नियम एकच, खोडायचा अधिकार दुसऱ्याचा. तुम्ही फक्त बोलायचं नाहीतर गुणगुणायचं, काय ठेवायचं ते तो ठरवणार, निदान पहिल्या तीन बैठका तरी. आपल्याकडं हे जुनंच आहे, जात्यावर दोघी बसायच्या, एकीने ओवी धरली की दुसरी उचलायची आणि सासरचं सगळं तिथंच बाहेर पडायचं. भजनातही मागचे ओळ उचलतात तेवढ्यात गाणाऱ्याला दम मिळतो.

पट्टी खालची घ्या, मन खचलेलं असताना आवाज वर चढत नाही आणि मग परत वाटतं आपल्याला जमतच नाही. पेटीच्या काळी दोन पट्टीत गात असाल तर काळी एक करा. ताल केरवा नाहीतर सहा मात्रांचा दादरा, बास. मोबाईलवर सगळं रेकॉर्ड करा, चुकलेलंही डिलीट करू नका. आम्ही सोलापुरात कंबर तलावाला बसायचो, सिद्धेश्वर तळ्यापाशीही छान वाटतं पण जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की तिथं पेटी ऐकूच येत नाही.

आणि हे मनापासून सांगतो, मी गोळ्याही घेत होतो, गाणं त्याच्या जोडीला होतं. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, काहीच नको वाटतंय असं असेल तर डॉक्टरकडे जा. जीव द्यायचे विचार येत असतील तर थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर लगेच फोन करा, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

शेवटचा अंतरा आमच्याकडून होत नव्हता. मित्राच्या घरी तेलुगू बोलतात. मी ध्रुवपद म्हटलं, "मला कुणी हाक मारंना", आणि तो पेटीवरचा हात न काढता हळूच म्हणाला, "रा, रा". म्हणजे ये, ये. अंतरा तिथंच सोडून दिला, गाणं आता त्या "रा" वरच थांबतं.