“बाबांना सांगू नका, सिस्टर”

वॉर्डात नवीन आलेल्या स्टाफला मी पहिल्याच दिवशी विचारते: व्हरांड्यात मुलाने गाठून म्हटलं, “बाबांना कॅन्सरचं सांगू नका, धसका घेतील,” तर काय कराल? निम्म्या म्हणतात, हो म्हणू. निम्म्या म्हणतात, सांगून टाकू. दोन्ही चूक.

मुलाला आधी बसवा. भीती कशाची ते विचारा. बरेचदा आजारापेक्षा पैशाची असते. मग स्पष्ट सांगा, “आजाराचं निदान डॉक्टर सांगतील, मी आपणहून बोलणार नाही. पण त्यांनी विचारलंच तर खोटंही बोलणार नाही.”

पेशंटला एकट्यात गाठा, बीपी घेताना वगैरे. “रिपोर्टबद्दल तुम्हाला सांगायचं की घरच्यांना?” काहीजण खरंच म्हणतात, पोराशी बोला, मला नको. तोही त्यांचाच निर्णय. त्यांच्याच शब्दांत, किती वाजता बोलले ते टाकून केसपेपरवर लिहा.

प्रश्न नेहमी सरळ येत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आजोबांनी मला विचारलं, “सिस्टर, म्हैस विकू का ठेवू?” शेजारच्या कॉटवरचे हसले. मीही हसले नि म्हटलं, “ठेवा की, दिवाळीला खडखडीत बरे होऊन धार काढाल.” ते दसऱ्यालाच गेले. म्हैस कोण सांभाळणार, हे त्यांना जिवंतपणी ठरवायचं होतं. आता असं कोणी विचारलं की मी म्हणते, “हाच प्रश्न राउंडला डॉक्टरांना विचारा, मी शेजारी उभी राहते.” आणि उभी राहते. औषधांची ट्रॉली थांबते तेवढी.

संमतीपत्राचं मात्र घोळात ठेवू नका. माणूस सज्ञान आहे, शुद्धीत आहे, तर सही किंवा अंगठा त्याचाच. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात पेशंट भुलेखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. जिवाला तातडीचा धोका नसताना ती संमती चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. ऑपरेशन थिएटरच्या दारात पेशंटने “कसलं ऑपरेशन?” विचारलं, तर स्वतः समजावत बसू नका. स्ट्रेचर थांबवा, सर्जनला बोलवा. ओरडा बसेल, मलाही बसलाय.

आणि ड्युटी बदलताना, हँडओव्हरला, हे सांगायला विसरू नका: पेशंटने काय विचारलं, त्याला काय उत्तर मिळालं. नाहीतर नाईटची सिस्टर भाबडेपणाने म्हणेल, “काही नाही हो बाबा, साधी गाठ आहे.”