इराणमध्ये घरचे आमंत्रण आले तर
इराणमध्ये बागेत किंवा बसमध्ये दोन वाक्ये बोलणे झाले, की समोरची व्यक्ती चहाला, कधी थेट घरी जेवायलाच बोलावते; मात्र तेथील ‘तारूफ’ या शिष्टाचारानुसार असे बोलावणे पुष्कळदा केवळ औपचारिक असते, म्हणून ते दोन-तीनदा नम्रपणे नाकारावे आणि त्यानंतरही वेळ व पत्ता सांगून आग्रह होत राहिला, तरच ते मनापासूनचे समजून स्वीकारावे. याच शिष्टाचारापोटी टॅक्सीचालक भाडे नको म्हणाला, तरी ते द्यायचेच असते. घरी जाताना मिठाई किंवा फुले न्यावीत आणि बूट दाराशीच काढावेत. पुरुष पाहुण्याने घरातील स्त्रियांशी हस्तांदोलनासाठी स्वतःहून हात पुढे करू नये. उजवा हात छातीवर ठेवून किंचित झुकणे पुरेसे असते आणि, माझ्या मते, ते अधिक शोभूनही दिसते.