वाळवी, हुमणी आणि पाचट: प्रोजेक्ट घेण्याआधी

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षी मी वाळवीच्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांवर प्रोजेक्ट घेतला. त्यांच्या एन्झाइमांनी शेतातल्या काडीकचऱ्याची साखर आणि त्या साखरेचं इथेनॉल, म्हणजे इंधन, करता येईल का, हे बघायचं होतं. मोहोळकडच्या आमच्या शेतात बांधावरच वारूळ, त्यामुळे नमुन्याची चिंता नव्हती. वाळवीच्या पोटात लाकूड पचवणारे एकपेशीय जीव असतात हे वाचलेलं. दोन आठवडे मायक्रोस्कोपला डोळा लावला, एकही दिसेना. स्लाइडच चुकतेय असं वाटून रडकुंडीला आले.

चूक स्लाइडची नव्हती. ते जीव वाळवीच्या आदिम गटांत सापडतात. आमच्या बांधावरची निघाली ओडोंटोटर्मिस. ती वारुळात टर्मिटोमायसिस नावाची बुरशी पिकवते आणि काडीकचरा पचवायचं बरंचसं काम त्या बुरशीकडूनच करून घेते. म्हणून कीटक कोणता, हे आधी कीटकशास्त्राच्या सरांकडून ओळखून घ्या. आज मला निवडायचं असतं तर उसाच्या मुळाशी सापडणारी हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची अळी, घेतली असती. तिचं मागचं आतडं चांगलं फुगीर असतं, चिमट्याने सोडवायला सोपं. पण तिथे प्राणवायू जवळपास नसतो. जिवाणू वाढवायच्या उघड्या प्लेटवर वाढतात ते तिथल्या रहिवाशांपैकी थोडेच. ॲनारोबिक जार, म्हणजे प्राणवायूविना जिवाणू वाढवायचं भांडं, मिळाला तर सोडू नका.

सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) घातलेल्या प्लेटवर काँगो रेड हा लाल रंग ओतून मिठाच्या पाण्याने धुतलं, की वसाहतीभोवती फिकट कडं उमटतं. पहिलं कडं दिसलं त्या दिवशी मी घरी फोन केला होता. आनंद खराच होता, पण सेल्युलोज म्हणजे वनस्पतीतली ग्लुकोजची लांब साखळी, आणि सीएमसी हा त्याचा पाण्यात विरघळणारा प्रकार आहे. कडं दिसलं म्हणजे साखळी मधून तोडणारं एन्झाइम आहे, एवढंच कळतं. ग्लुकोजपर्यंत पोचायला आणखी दोन प्रकारची एन्झाइमं लागतात. फिल्टर पेपर हाच एकमेव आहार देऊन बघा, मग जिवाणूची खरी ताकद कळेल.

इथेनॉलसाठी कच्चा माल कोणता घ्यायचा, यावर माझं मत ठाम आहे. सोलापुरात कडबा जनावरांच्या तोंडचा घास आहे, तो इंधनाला लावू नये. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, कारखान्याच्या बॉयलरला जातं. उरतं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. ते रानात कुजवलं तर उत्तमच, पण जिथे फडात पेटवून देतात तिथलं आपण घ्यावं. वाळवून दळा, कॉस्टिक सोड्याने लिग्निन (सेल्युलोजला घट्ट धरून ठेवणारा चिवट पदार्थ) सैल करा आणि पीएच सातावर येईपर्यंत धुवा. मी धुण्यात घाई केली, एन्झाइम चालेना, महिना गेला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "किलोभर पाचटातून इथेनॉल किती?" माझ्याकडे कड्यांचे व्यास होते, मिलिमीटरमध्ये. एक ग्रॅम ग्लुकोजमधून फार तर ०.५१ ग्रॅम इथेनॉल मिळतं आणि हेमिसेल्युलोज या सेल्युलोजच्या जोडीदारातली झायलोज ही साखर साधं यीस्ट आंबवत नाही, एवढं सांगता आलं. मॅडम थांबल्या होत्या, पण पुढचा आकडा काढायला पाचटाचं कोरडं वजन लागतं. ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून लिहा, धुण्याआधीचंही आणि धुतल्यानंतरचंही.